खर्ज्याचा हात

बँडमध्ये सगळे त्याला खर्ज्या म्हणत. थोरल्या भावाच्या बँडमध्ये तो वीसेक वर्षं बेस गिटार वाजवत होता. त्याच्या भरदार खालच्या सुरावर भार टाकून वहिनी डोळे मिटून गायची. यंदा मात्र गाता गाता ती मागं वळून बघू लागली. खर्ज्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होत चालली होती. एक सूर धाडकन वाजे, पुढचा ऐकूच येत नसे. डॉक्टर शिरेचं दुखणं म्हणाले. बरं होण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

खर्ज्यानं ते अंगावर काढलं. भावाला एवढंच म्हणाला, "आवाज वरखाली होतोय. कॉम्प्रेसर घेऊन टाकतो."

दुकानदार जुना ओळखीचा. त्यानं कॉम्प्रेसरचे तीन पेडल, पायाशी ठेवायच्या छोट्या डब्या, पुढ्यात मांडले. "मोठा सूर दाबायचा, बारीक उचलायचा, काम एवढंच. स्टेजवर काय चालेल ते तू बघ."

खर्ज्यानं एकेक लावून वाजवून पाहिला. पहिल्यानं सूर असा दाबला की त्यातला ठोकाच गेला. ड्रमच्या दणदणाटात तो कुणाला ऐकू आला असता? दुसऱ्यानं बारीक सूर उचलला, पण सोबत खरखरही वर आणली. तिसरा मात्र आधी ठोका सुटू देई, मग दाब धरी.

"हाच," खर्ज्या म्हणाला.

दुकानदाराची नजर त्याच्या बोटांवर होती. "हाताला काय झालंय रे?"

"तू बांधून दे."

पुढच्या कार्यक्रमात वहिनीनं एकदाही मागं पाहिलं नाही. भावानं पाठीवर थाप मारली, "त्या डबीनं सोनं केलं की रे!" खर्ज्याचं तोंड कडू झालं.

काही महिने निभावलं. मग एकदा गाण्याच्या ऐन मध्यात बोटाखाली तार आहे की नाही, तेच त्याला कळेना. हात हलत होता, तार वाजत नव्हती. पेडल उचलणार तरी काय? नुसती खरखर हॉलभर पसरली. वहिनीनं गाणं कसंबसं शेवटाला नेलं.

मध्यंतरात भाऊ भडकला. "तालमीला दांड्या मारतोस, दुसरं काय!"

खर्ज्यानं हात पुढं केला. "चिमटा काढ."

भावानं काढला. मग जोरात काढला. खर्ज्याचा चेहरा हलला नाही.

"कधीपासून?"

"पेडल घ्यायच्या आधीपासून."

भाऊ त्याच्या शेजारी बसला. हात त्यानं सोडला नाही. बाहेर लोक टाळ्या पिटून बोलवत होते. वहिनी दारात आली, "येताय ना दोघं?"

"तुम्ही व्हा पुढं," खर्ज्या म्हणाला. "मी वायरी गुंडाळतो."