बाटलीखालची चुंबळ

बाटली काही केल्या उभी राहीना. संध्याकाळी कार्डिफच्या आमच्या छोट्याशा म्युझियममध्ये प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, पोस्टरवर हीच बाटली होती, आणि हेलन तिला परत घेऊन निघाली होती.

हेलन म्हणजे कुरियर. एखादं म्युझियम वस्तू उसनी देतं, तेव्हा सोबत आपला माणूस पाठवतं. मांडणी पसंत पडली नाही तर तो वस्तू सरळ परत नेऊ शकतो.

बाटली प्राचीन इजिप्तची. तळहाताएवढी, निळी, अंगावर पिवळ्या लाटा. तिच्यात कुणीतरी सुगंधी तेल ठेवत असे. काच फुंकायची कला तेव्हा नव्हती. सळईवर मातीचा गोळा थापायचा, त्यावर वितळलेली काच गुंडाळायची, गार झाली की आतली माती खरवडून काढायची. बूड गोल, त्यामुळे तिला माउंट लागतो, म्हणजे मापाचा स्टँड. मी मापं सेंटिमीटरमध्ये दिली होती, स्टँडवाल्यानं ती इंचात वाचली. आलेल्या स्टँडमध्ये आमच्या घरचा मिक्सर बसला असता.

"सॉरी, मला ट्रेन गाठायचीय," हेलन म्हणाली.

माझा बॉस गॅरेथ पांढराफटक पडला. "सुनीता, प्लीज, डू समथिंग!"

मला पुण्यातली बोहारीण आठवली. डोक्यावर भांड्यांची भलीमोठी पाटी, खाली कापडाची गोल चुंबळ. जुन्या साड्यांवरून ती तावातावानं भांडायची, पण पाटी जागची हलायची नाही. मी कपाटातली सुती पट्टी घेतली. काचेला चालणारी, आमची नेहमीचीच. पीळ देऊन चुंबळ वळली आणि वर बाटली ठेवली.

हेलननं टेबल हलवलं. बाटली ढिम्म. तिनं पुन्हा जोरात हलवलं. गॅरेथनं डोळेच मिटून घेतले.

"याला म्हणतात काय?" हेलननं विचारलं.

"चुंबळ."

तिनं ते रिपोर्टमध्ये लिहून घेतलं आणि बॅग खाली ठेवली. मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली. संध्याकाळी एका प्रोफेसरांनी स्टँड इजिप्शियन आहे का, असं विचारलं. "पारंपरिक आहे," गॅरेथ वाइनचा घोट घेत गंभीरपणे म्हणाला.

प्रदर्शन संपलं, बाटली चुंबळीसकट परत गेली. पुढच्या वर्षी कामानिमित्त मी हेलनच्या म्युझियममध्ये गेले. स्टोअरमध्ये चुंबळ स्वतंत्र खोक्यात, नंबर लावून ठेवलेली. एक टोक सुटून लोंबत होतं. मी खोचायला हात पुढे केला.

"हात नको लावूस!" हेलन ओरडली. "कलेक्शनमधली वस्तू आहे."

"अगं, मीच केलीय ती!"

"तरीही. दुरुस्तीला कमिटीची परवानगी लागते."

कमिटीचा निर्णय अजून आलेला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही म्युझियमला काही करून दिलं, तर त्यावर नंबर पडायच्या आत टोकं खोचून घेते.