गार्ड माझ्या पेटीत होता

फळी अर्ध्यावर चिरली आणि अडली. पातं फिरत होतं, पण लाकूड पुढे जाईना. मोटरच्या पट्ट्याचा जळका वास आला. पात्यापलीकडे फळी टेबलावरून उचलली जायला लागली आणि माझ्या हातांखाली थरथरू लागली.

भिलाईत कारखान्याच्या पायाचं काँक्रीट ओतलं जात होतं, ते दिवस. मी भंडाऱ्याकडून आलेला सुतार. शटरिंगच्या शेडमध्ये टेबल सॉवर ऑपरेटर होतो. शटरिंग म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणारा लाकडी साचा. टेबल सॉ म्हणजे लोखंडी टेबल आणि त्याच्या फटीतून वर आलेलं गोल पातं. लाकूड मी ढकलायचो, पलीकडे डोमाजी सांभाळायचे. ते जवळच्या उतई गावात राहायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, सगळं आयुष्य हातकरवतीवर गेलेलं.

ओल्या सालवृक्षाच्या लाकडात ताण असतो. चिरताना चीर मिटते आणि पात्याला आवळून धरते. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि ऑपरेटरच्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. तो होऊ नये म्हणून पात्यामागे एक पोलादी पट्टी असते, ती चीर उघडी ठेवते. पात्यावर गार्डचं झाकण आणि गार्डला दातेरी पंजे. फळी पुढे जाताना पंजे नुसते घासतात, मागे यायला लागली की रुततात.

त्या दिवशी मशीनवर यातलं काहीच नव्हतं. आठ दिवसांपूर्वी काही फळ्यांना खाच पाडायची होती. त्या वेळी पातं लाकडाच्या आतच राहतं, म्हणून गार्ड आणि पट्टी काढावीच लागते. मी काढली. खाचांचं काम दुपारीच संपलं. मग घाई होती. आज लावू, उद्या लावू, असं चाललं. "कावून लावून नाही राहिला?" असं डोमाजींनी दोनदा विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

आता हात सोडले तर फळी सुटणार, ढकलली तर आणखी आवळणार. स्विच सहा पावलांवर, खांबावर. डोमाजी पलीकडचं टोक दाबून उभे, त्यांनाही हलता येईना. मी पात्याच्या रेषेत न राहता बाजूला उभा होतो, एवढी सवय शाबूत होती.

तेवढ्यात मागून पाठक साहेबांचा आवाज आला. ते आमचे असिस्टंट इंजिनिअर. उद्या सकाळी काँक्रीट आहे, साचे किती झाले, असं विचारत होते. आवाज थेट फळीच्या रेषेतून येत होता. मला मान वळवता येत नव्हती.

"साहेब, बाजूला व्हा," मी म्हणालो.

त्यांना ते आवडलं नसावं. तिथूनच ते पुन्हा विचारू लागले. डोमाजी कधी साहेबांशी मान वर करून बोललेले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"साहेब, फळी उडते आता. तुमच्या उजव्या हाताले खांब हाय. स्विच खाली ओढा."

पावलं वाजली. खटका पडला. मोटरचा आवाज उतरू लागला, पण पातं लगेच थांबत नाही. तेवढ्यात फळी निसटली. माझ्या तळव्याचं कातडं सोलत, कमरेजवळून गेली आणि मागच्या पत्र्यात घुसली. साहेब आधी उभे होते त्याच्या बरोबर मागे, पोटाच्या उंचीवर.

साहेब पत्र्यापाशी जाऊन थांबले. मग गार्ड कुठे आहे, तुटला का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. मी मस्टरवरचा, रोजंदारीचा माणूस, उद्या येऊ नको म्हणाले की संपलं. डोमाजी माझ्याकडे बघत नव्हते.

"माझ्या पेटीत हाय, साहेब. आठ दिवसांआधी मीच काढला. लावायचा राहिला असं नाही म्हणत. मी लावलाच नाही."



"मी आठ दिवस रोज इथे येतो," साहेब म्हणाले. "फळ्या मोजल्या. गार्ड नाही बघितला."

त्यांनी काँक्रीट एक दिवस पुढे ढकललं. त्यासाठी त्यांना वरून ऐकून घ्यावं लागलं, हे मला नंतर कळलं. माझ्या हाताला फडकं बांधून झाल्यावर त्यांनी समोर उभं राहून माझ्याकडूनच सगळं बसवून घेतलं. पट्टी पात्याच्या अगदी जवळ, सरळ रेषेत. पंजे एकेक उचलून, सोडून पाहिले. एका हाताने करूनही दहाच मिनिटं लागली. मग त्यांनी मला सॉवरून काढलं आणि महिनाभर जुन्या फळ्यांचे खिळे उपटायला बसवलं. नोकरी राहिली.

पुढे मी चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम झालो, माझ्या हाताखाली बरेच ऑपरेटर आले. गार्ड काढायचं कारण प्रत्येकाकडे असायचं आणि बहुतेकदा ते खरं असायचं. तो परत का लावला नाही, हे मात्र एकालाही सांगता आलं नाही. मलाही आलं नव्हतं.