पिवळ्या टाकीच्या गाडीवरून रोह्याच्या गणपतीला

पेणहून रोहा काही लांब नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर एक डुलकी होते आणि गाव येतं. पण त्या गणेश चतुर्थीच्या सकाळी आम्ही नवरा-बायको निघालो ते मोटारसायकलवरून, आणि ती मोटारसायकल माझ्या नवऱ्यानं भंगारातून घरच्या घरी उभी केलेली होती. त्यामुळे हा प्रवास मला काश्मीरला जाऊन आल्यासारखा पुरला आहे.

निघायचं कारण आधी सांगते. माझे वडील, नाना, रोह्याला राहतात. तरुणपणी ते पेणच्या एका कारखान्यात काम शिकले. आमच्याकडे गणपती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. पुढे त्यांनी दुसरी नोकरी धरली, पण घरचा गणपती शाडूचा आणि स्वतःच्या हातचा, हे कधी सोडलं नाही. चतुर्थीच्या सकाळी आखणी (मूर्तीचे डोळे रेखायचं काम) करायला बसले की सगळी आळी दारात उभी राहायची. त्या उन्हाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात थरथरत राहिला. तरी त्यांनी आईच्या मदतीनं मूर्ती घडवली, रंगवलीसुद्धा. डोळे तेवढे राहिले.

तेव्हा गावोगावी एसटीडीचे बूथ नवे नवे झाले होते. आईनं तिथून आमच्या समोरच्या दुकानात फोन केला.

"सुमन, चतुर्थीला सकाळीच ये. भटजी यायच्या आत ये. नायतर हे स्वतःच आखणार हायेत, माझं ऐकत नायत. डोळे बिघडले तर हा माणूस परत अंथरुणातून उठायचा नाय."

सासरच्या कारखान्यात माझं काम आखणीचंच. पण कारखानदाराच्या घरात चतुर्थीच्या आधी बाहेर पडायचं नाव काढता येत नाही. शेवटची मूर्ती गिऱ्हाइकाच्या पाटावर चढली तेव्हा चांगलं उजाडलं होतं, रोह्याची पॅसेंजर निघून गेली होती, आणि मुंबईहून कोकणात जाणाऱ्या एसट्या पेणच्या स्टँडवर तोंडसुद्धा दाखवत नव्हत्या. मी रडकुंडीला आले. विलासराव मात्र अंगणात गाडीवर फडका मारत होते. माझ्या नवऱ्याला हीच तर संधी हवी होती.

आता या गाडीविषयी. खाडीकडच्या एका गावात, मिठागरांच्या बाजूला, एका मुसलमान घराच्या मागच्या परड्यात ती पडून होती. मालक दुबईला. खारा वारा खाऊन तिचा असा काही खरपूस रंग झाला होता की ती मूळची कोणत्या रंगाची, हे घरच्यांनाही आठवत नव्हतं. सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. मालकाच्या आईनं, चाचीनं, कोंबडी उठवली आणि एकदाची ही अडगळ जाऊ दे, म्हणून गाडी जवळजवळ देऊनच टाकली. वर सांगितलं, "टाकीला बाजूनं भोक हाय, पोरा. आधी ते बघ."

विलासरावांनी ते बघितलं, पण आपल्या पद्धतीनं. इंजिन एका ओळखीच्या फिटरनं उघडून दिलं, बाकी सगळं घरी. मडगार्ड, चाकं, हँडल सगळं सुटं करून मूर्ती वाळवायच्या फळ्यांवर मांडलं. वरच्या फळीवर गणपती, खालच्या फळीवर नट-बोल्ट. रॉकेलमध्ये बुडवून, पॉलिश पेपरनं घासून त्यांनी गंज काढला. चाकांची एकेक तार चमकवली. सासूबाई म्हणायच्या, एवढी सेवा आईबापाची केली असती तर. टाकीचं भोक मात्र त्यांनी वेल्डिंगवाल्याकडे नेलं नाही. जो हात सोंड जोडतो त्याला हे काय अवघड, असं म्हणत त्यांनी काथ्या (नारळाच्या सोडणाचे तंतू) प्लास्टरमध्ये भिजवून आतून-बाहेरून थापला, घासून गुळगुळीत केला, वर वॉर्निशचे हात दिले आणि पितांबराचा पिवळा रंग फवाऱ्याच्या गननं मारला. मग टाकीत पाणी भरून ठेवलं. थेंब गळला नाही. आम्हा गणपतीवाल्यांचा जन्माचा वैरी पाणी. पाण्याला टिकलं की आम्हाला सगळंच टिकलं असं वाटतं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पेणेत फिरताना टाकीत तळाला थोडंसंच पेट्रोल असायचं. त्या दिवशी लांब जायचं म्हणून पंपावर टाकी काठोकाठ भरली.

वडखळपर्यंत गाडी अशी धावली की मी मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली. हमरस्त्यावर गाड्यांची रांग होती, टपांवर गाठोडी, काचांतून बाहेर आलेली केळीची पानं. आम्ही कडेकडेनं सगळ्यांना मागं टाकत होतो. भिजरी हवा होती. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला. माझ्या पोटाशी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला माझा आखणीचा कुंचला.

गडब गावाशी गाडी खोकली. एकदा, दोनदा, आणि रस्त्याच्या मधोमध गप्प झाली. मागून ट्रकचा भोंगा. ढकलत एका टपरीपाशी आणली. विलासराव लाथा मारून मारून घामाघूम झाले. टपरीवाल्यानं मला न विचारता चहा आणि खारी पुढं केली. हरतालिकेचा उपास मी अजून सोडलेला नव्हता. चहा घेतला, खारी ठेवून दिली. कुठं निघालात, त्यानं विचारलं. सांगितल्यावर त्यानं आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, मागं फिरा, पेणेतून दुसरं काही बघा, हिचं खरं नाय.

तोवर विलासरावांनी कार्बोरेटरची खालची वाटी काढली होती. तिच्यात पांढरं पेजेसारखं काहीतरी साचलेलं. पेट्रोलमधला कचरा असणार, ते म्हणाले. मी त्यात बोट बुडवून चिमटीत चोळलं. ही माती मी रोज हाताळते. मला लगेच कळलं.

"हे प्लास्टर आहे," मी म्हटलं.

पेट्रोलनं आतलं वॉर्निश खाल्लं होतं आणि प्लास्टर झडून नळीतून खाली येत होतं. वाटी धुतली, फुंकर मारली, गाडी सुरू झाली. मागं फिरायचं की पुढं जायचं, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. पुढंच गेलो. मला खूप राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. डोळ्यांपुढं नाना दिसत होते, थरथरत्या हातात कुंचला धरून बसलेले.

नागोठण्याला हमरस्ता सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलो. गर्दी संपली. खिंडीचा चढ सुरू झाला तशी पेट्रोलची घाण मारू लागली. मला वाटलं, जुनी गाडी, असायचीच. मग माझा गुडघा गार लागला. खाली बघितलं तर साडीला पिवळा रंग लागलेला आणि साडी ओली. टाकीचा कुशीकडचा भाग पुरीसारखा फुगला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो फुटला आणि पेट्रोलची धार खाली तापलेल्या इंजिनाकडं निघाली.

मी नवऱ्याच्या पाठीत बुक्की मारली. त्यांनी गाडी बंद केली, मी उडी मारली, पिशवी छातीशी धरून रस्त्यापलीकडे पळाले. ते पळाले नाहीत. टाकीचं भोक तळव्यानं दाबून तसेच उभे राहिले. "लांब थांब," एवढंच म्हणाले. इंजिनावर पडलेल्या थेंबांची वाफ होत होती. आता भडका उडणार, असं मला वाटलं, आणि या माणसाला मी सकाळपासून मनात किती शिव्या दिल्या हेही आठवलं. भडका उडाला नाही. इंजिन हळूहळू निवलं. मी परत येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

गळती थांबवायला काही नव्हतं. मी म्हटलं, भोक मधोमध आहे, पेट्रोल भोकाच्या खाली नेलं तर गळणार कुठून. त्यांनी नळी काढून पेट्रोल खडीत सोडलं. सोडताना चेहरा असा की घरातलं तूप सांडतंय. पण एवढं करून गाडी सुरू होईना. आता कचरा जेटच्या (पेट्रोल सुटतं त्या बारीक भोकाच्या) आत अडकला होता. फुंकरीनं निघेना. माझी केसांची पिन जाईना. विलासराव माझ्या पिशवीकडं बघायला लागले.

"तुझा तो कुंचला," ते म्हणाले. "त्याचं टोक जाईल."

"कुंचला मिळायचा नाही," मी म्हटलं. "मग पोचून तरी काय करू?"

लग्नानंतर इतक्या कडक आवाजात मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांनी मान खाली घातली आणि गाडी ढकलायला लागले. मीही मागून हात लावला. चढ संपल्यावर उतारानं बरंच अंतर आपोआप गेलो, मग पुन्हा ढकलत निडी गावापर्यंत. ऊन पडलं होतं. ऊन बघून मला धडकी भरत होती, कारण चतुर्थीचा भटजी दुपार टळू देत नाही.

निडीच्या पहिल्याच घरात गणपती बसायची गडबड होती. ओटीवर एक बाई नारळ खवत होती. आमचा अवतार बघून ती उठली. मी तिला दारातूनच सगळं सांगितलं, नानांच्या हाताचं, डोळ्यांचं, आणि शेवटी अडकलेल्या भोकाचं. बोलता बोलता मला रडू आलं. बाई आत गेली आणि स्टोव्हची पिन घेऊन आली. पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली, जी आपल्या प्रत्येकीच्या घरात असते आणि जी माझ्या डोक्यात आली नव्हती.

"घे गो," ती म्हणाली. "परत द्यायला येऊ नको. बापाकडं जा."

तार जेटमध्ये गेली, पांढरा खडा बाहेर पडला. गाडी दुसऱ्या लाथेला सुरू झाली. तिथून पुढं मी रस्ता बघितलाच नाही. रोह्याच्या अलीकडच्या अष्टमी गावाचा पूल, खाली कुंडलिका नदीचं गढूळ पाणी, कुठल्याशा घरातून आरतीच्या झांजा. कुणाचा तरी गणपती बसलासुद्धा होता.

आमच्या दारात चपलांचा ढीग होता. भटजी ओटीवर बसून पानं मांडत होते. आई बाजूला झाली. नाना मूर्तीसमोर पाटावर बसले होते. हातात कुंचला नव्हता. मी मूर्तीकडं बघितलं. एक डोळा आखलेला होता. दुसरा कोरा पांढरा.

"एक झाला," नाना म्हणाले. "दुसऱ्याला हात उचलेना. तू आख."

आळीतली माणसं खिडकीतून बघत होती. मी हात धुतले, पेट्रोलचा वास जाईना. कुंचला सोडवून रंगात बुडवला आणि नानांनी आखलेला डोळा जवळून पाहिला. वरच्या पापणीची रेघ बारीक बारीक लाटा घेत गेलेली. कोपऱ्याशी ती खाली घसरली होती आणि त्यांनी ती तिथून पुन्हा वर आणली होती. बुबुळ मात्र जागेवर, नजर शांत. सगळी सकाळ त्यांनी त्या एका डोळ्यात घातली होती.

मी पेणेत एका दमात डोळे आखते, न थांबता. तसा सरळ डोळा शेजारी आखला असता तर लांबून कुणालाही कळलं असतं, यातला लेकीचा कोणता आणि आजारी बापाचा कोणता. पुसून दोन्ही नव्यानं करायला वेळ होता. पण पुसायला माझा हात धजला नाही. मी श्वास रोखला आणि रेघ सोडली. नानांचा हात जिथं थरथरला तिथं मी थरथरवला, कोपऱ्याशी घसरू दिला, पुन्हा वर घेतला. इतकी अवघड रेघ मी आयुष्यात ओढलेली नाही. कुंचला उचलला तेव्हा मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हातचे होते.

नाना पुढं वाकून बघत राहिले.

"हात कापला तुझा?"

"गाडीवरून आले ना, नाना. हात बधिर झालेत."

त्यांनी विलासरावांकडं बघितलं. पिवळ्या हातांचा, काळ्या तोंडाचा जावई दारात अवघडून उभा होता. भटजींनी हाक दिली आणि पूजा सुरू झाली. दुपारी आईनं उकडीचे मोदक वाढले. मी किती खाल्ले ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचा गणपती कुंडलिकेत पोचवला. गाडी नानांच्या परड्यात उभी करून, टाकी तेवढी पोत्यात घालून आम्ही एसटीनं परत निघालो. या खेपेला वेल्डिंगवाल्याकडेच जाणार, असं विलासराव स्वतःहून म्हणाले. नाना काठी टेकत कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"पुढल्या वर्षी दोन्ही तूच आख," ते म्हणाले. "पण सरळ आख."

एसटीत खिडकीची जागा मिळाली, पण डुलकी लागली नाही. माहेराहून परतताना दरवेळी मी काही ना काही गाठोडं घेऊन येते, तांदूळ, पापड, आईचं लुगडं. या वेळी काहीच नव्हतं आणि तरी काहीतरी फार जड बरोबर आल्यासारखं वाटत होतं. निडी गेली, खिंड गेली. नागोठण्याशी विलासरावांनी हळूच विचारलं, नाना निघताना काय म्हणाले. मी सांगितलं.

"म्हणजे कळलं त्यांना," ते म्हणाले.

"कळणारच," मी म्हटलं. "रेघ ओढायला मला शिकवलं कुणी?"