अळूचे दोर आणि सरलाबाईंचं मशीन

नोएडातल्या त्या फ्लॅटमध्ये सरलाबाईंच्या हुकमतीखाली एकच वस्तू उरली होती, सिंकखालचं कचरा दळायचं मशीन. नवरा सुभेदार होता तेव्हा छावणीतलं क्वार्टर कुंपणापर्यंत त्यांचं. आता घर मुलाचं, सुधन्वाचं. ओटा सुनेचा, केतकीचा. मशीन तेवढं यांचं, कारण दुसऱ्या कुणाला त्याच्याकडे बघायची हौस नव्हती.

त्या बघत. दर शनिवारी बर्फाचे खडे आणि जाडं मीठ त्यात फिरवत, म्हणजे आतला चिकटा खरवडून निघतो. मग वासासाठी लिंबाची साल. आधी गार पाणी सोडायचं, मग बटण. दळून झालं तरी पाणी थोडं चालूच ठेवायचं. तेल-तूप, भात, दोरे सुटणाऱ्या भाज्या बंद. एकदा शेवग्याची शेंग आत गेली, तर केतकीची अशी हजेरी घेतली की ती शेंग घरात आणायचीच बंद झाली.

सुधन्वा मात्र मशीन अडकलं की दर वेळी प्लंबर बोलवायला वैतागला होता. त्याने जाहीर करून टाकलं, आता पुन्हा प्लंबर बोलवावा लागला की मशीन बाहेर, तिथे पाण्याचा फिल्टर बसेल. सरलाबाईंना ते लागलं.

ऋषिपंचमीला केतकीने बाजार पालथा घालून अळू आणलं. सरलाबाई देठ सोलायला बसल्या. फोनवर मानेसरची बहीण, तिच्या जावयाचं प्रकरण रंगलेलं. त्या भरात देठांचे दोर मुठीने सिंकमध्ये गेले, बटण दाबलं गेलं. मशीन नुसतं घुमलं. फिरेना.

त्यांनी बटण बंद केलं, प्लग काढला. सुधन्वा संध्याकाळी येणार. केतकी दारात उभी. तिच्यावर ढकलायला शेंगेचं नाव जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मीच टाकले. अळूचे दोर."

"बघा हं आई, शेवगा असेल," केतकी हसून म्हणाली आणि ओढणी खोचून सिंकखाली आडवी झाली. सरलाबाईंचे गुडघे वाकत नव्हते. यांनी टॉर्च धरला आणि हुकूम सोडले. मशीनच्या बुडाला मधोमध भोक असतं, त्यात वाकडा पाना घालायचा, थोडा उलटा, थोडा सुलटा.

"जोर नको. पहिलवान आहेस का?"

पाना सैल फिरला. मग वरून चिमट्याने दोर ओढले. हात आत घालायचा नाही म्हणजे नाही. न्हाणीच्या जाळीतून केस निघावेत तसा गुंता निघाला. प्लग लावला, मशीनच्या बुडाचं रीसेटचं लाल बटण दाबलं, पाणी सोडलं. मशीन चाललं.

संध्याकाळी सुधन्वाने ओट्यावरचा पाना पाहिला. प्लंबर आला होता का, त्याने विचारलं.

"नाही. दोर मी टाकले, काढले हिने," सरलाबाई म्हणाल्या. "तुझी अट प्लंबरची होती."

तो भाजी वाढून घेत राहिला. फिल्टरचा विषय निघाला नाही.

शनिवारी बर्फ केतकीने टाकला. मीठ फार झालं म्हणून सरलाबाईंनी तिला सुनावलं, पण बटण तिलाच दाबू दिलं.