मुळात तसं नाही

मॅडम चष्मा काढायच्या, पदराच्या टोकानं काचा पुसायच्या आणि चष्मा हातातच धरून म्हणायच्या, "मुळात तसं नाही." मग गाडीतल्या सगळ्यांना कळायचं, की मूळ पुस्तक सोडून बोलणाऱ्या कुणाची तरी आता धडगत नाही.

तुम्ही कधी सकाळच्या एसटीनं लातूरहून निलंग्याला गेला असाल, तर आम्हाला नक्की पाहिलं असणार. घर लातुरात आणि नोकरी निलंग्यात, असे आम्ही अप-डाउनवाले. पोरांच्या ट्यूशनपायी लातूर सोडवत नाही, पगारापायी निलंगा सुटत नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि औसा येईपर्यंत जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लावायचा, हा आमचा नेम. मॅडम निलंग्याच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. मी भूमी अभिलेखमध्ये. जुन्या नोंदींच्या नकला काढायच्या आणि 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असा शिक्का मारायचा, हे माझं काम. त्यामुळं मी 'नक्कलवाले'.

"नक्कलवाले, तुमच्या नकलेत कुणी पदरचा एक शब्द घातला तर?"

"नोकरी जाईल मॅडम."

"मग झालं तर," म्हणून त्या समोरच्याकडं वळायच्या. माझा असा साक्षीदार म्हणून वापर व्हायचा.

एका पावसाळ्यात लामजना पाटीवर गाडी बंद पडली. कंटाळलेल्या आम्हा लोकांना मॅडमनी एका ग्रीक राजाची गोष्ट सांगायला घेतली. लढाई जिंकून तो घरी निघतो आणि वाटेत समुद्रात त्याची जहाजं फुटतात. दुसरी गाडी आली तेव्हा राजा एका डोळ्याच्या राक्षसाच्या गुहेत अडकला होता. त्याला तिथंच सोडून कामावर जाणं आमच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवसापासून गोष्ट रोजच सुरू झाली.

सगळ्यांत जास्त रंगले मन्मथअप्पा. निलंग्यात त्यांचं बी-बियाणाचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि श्रावणात पोथी ऐकल्याशिवाय घास न उतरणारा माणूस. तिसऱ्याच दिवशी ते नारळ घेऊन आले.

"ग्रंथ सुरू केलाय तर नारळ फोडाय पायजे."

"अप्पा, हा तसला ग्रंथ नाही. गोष्ट आहे."

"पुस्तकात हाय का न्हाई?"

"आहे."

"मग झालं की."

निलंगा स्टँडच्या पायरीवर नारळ फुटला. ग्रीक राजाचं खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं. कंडक्टर सत्तारभाईंनी तर ड्रायव्हरलाही नेऊन दिलं. सत्तारभाई तिकिटं फाडून झाली, की मशीन काखेत मारून मॅडमच्या सीटला टेकायचे. "मॅडम, राजा घर को आया क्या?"

"अजून नाही."

"कब आता की बिचारा!"

आता दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगायला हवं. मॅडमची मुलगी पाळण्यात होती तेव्हा त्यांचा नवरा हैदराबादला कामाला जातो म्हणून गेला, तो गेलाच. ना फोन, ना निरोप. मॅडमनी शिकून नोकरी धरली, मुलीला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. आणि त्या दिवाळीत हा गृहस्थ औशाला थोरल्या भावाच्या घरी परत आला. हैदराबादेत इतकी वर्षं काय केलं, ते त्यानं सांगितलं नाही. रोज सकाळी पांढरा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन तो औसा स्टँडवर लिंबाखाली उभा असायचा आणि मॅडमच्या खिडकीकडं बघायचा. मॅडम सरळ समोर बघायच्या. गाडी सुटेपर्यंत आम्ही सगळे उगीच बॅगांच्या चेनी लावायचो.

त्याला घरात परत यायचं होतं. त्याच्या भावाचं म्हणणं तेच, मॅडमच्या सख्ख्या भावाचंही तेच. अप्पा दोन्हीकडच्या ओळखीचे, त्यामुळं दोन्ही घरांची बैठक बसली तर शब्द त्यांचाच चालणार होता. आणि अप्पा म्हणत, "माय, आलेल्या माणसाला दार लावू न्हाई."

"मला तो घरात नको आहे, अप्पा."

"तसं म्हणू न्हाई."

एवढ्यावर विषय संपायचा. मॅडम सांगायच्या आणि त्यांना कुणी ऐकायचं नाही. त्या 'कुणी'त मीही धरा. मी गप्प बसायचो.

त्या दिवाळीनंतर गोष्टीचा वेग एकदम मंदावला. राजा आपल्या मुलखात पोचला, भिकाऱ्याचा वेष घेऊन डुकरं राखणाऱ्याच्या खोपीत उतरला, आणि तिथंच बसून राहिला. संक्रांत जवळ आली तरी उठेना. सत्तारभाई रोज चौकशी करायचे, मॅडम रोज त्याला तिथंच जेवायला वाढायच्या.

अशात नेमकी त्याच गोष्टीवरच्या एका परदेशी सिनेमाची झलक सगळ्यांच्या मोबाइलवर आली आणि गाडीत रणकंदन माजलं. जिच्यापायी ती सगळी लढाई झाली, त्या सुंदरीच्या कामाला एक काळीसावळी नटी घेतली होती. महसूलमधला एक कारकून भडकला. "ग्रीक बाया अशा असत्यात व्हय? हे पुस्तकाला धरून हाय का?"

मॅडम स्वतः सावळ्या. आता याची चंपी होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. त्यांनी चष्मा काढला.

"मुळात तिचे दंड गोरे म्हटलेत. आहे ते आहे."

आम्ही थक्क. कारकून फुगला.

"पण नाक कसं, डोळे कसे, ते कुठंही सांगितलेलं नाही," मॅडम पुढं म्हणाल्या. "तिला बघून म्हाताऱ्यांनासुद्धा वाटतं, की हिच्यापायी लढाई झाली यात नवल नाही. तेव्हा जिला बघून तसं वाटेल तिला घ्या. दंडाला काय, पावडर लावता येते."

त्यांचा स्वतःचा राग वेगळाच होता. राणीच्या कामाला तुकतुकीत चेहऱ्याची एक पोरगी घेतली होती. मोबाइल लांब धरून मॅडम म्हणाल्या, "वीस वर्षं नवऱ्याची वाट पाहिलेली बाई आहे ती. हिनं कधी एसटीचीसुद्धा वाट पाहिलेली नाही."

अप्पांची तक्रार नायकाबद्दल होती. "आमच्या गावात देवाचं सोंग घ्यायचं तर आठ दिस आधी उपास धरत्यात, पायातली वहाण सोडत्यात. ह्या हिरोनं काय सोडलंय?"

"शर्ट छोडा ना अप्पा, देखो," सत्तारभाई म्हणाले.

संक्रांतीनंतर एका सकाळी गाडी औशातून सुटली. लिंबाखालचा माणूस मागं गेला आणि मॅडमनी कुणी न विचारता शेवट सांगायला घेतला. राणीशी लग्न करायला वाड्यात ठाण मांडून बसलेले सगळे पुंड राजानं मारले. मग तो राणीच्या दारात उभा राहिला. राणीनं त्याला खूण विचारली. आपला पलंग जमिनीत रुजलेल्या झाडाच्या बुंध्यातून कसा घडवला, ते त्यानं बरोब्बर सांगितलं. हे गुपित त्या दोघांनाच माहीत होतं.

"राणी म्हणाली, ओळख पटली. आता जा."

एक बाई उतरायची होती, तिचा स्टॉप मागं गेला तरी सत्तारभाईंना घंटी मारायचं सुचलं नाही.

"जा?" ते म्हणाले. "राजा को जा बोली?"

"ओळख पटली म्हणून दार उघडलंच पाहिजे असं थोडंच आहे?"

अप्पा बराच वेळ बाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मुळात तसंच हाय?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

त्या वेळी त्यांनी चष्मा काढला नव्हता. मला ते तेव्हा दिसलं, पण कळलं नाही.

त्या दिवसापासून अप्पांची भाषा फिरली. "ग्रंथातल्या राणीनं घेतलं न्हाई, मग आपण कोण सांगणार?" असं ते स्वतःच म्हणू लागले. औशाच्या लोकांनी उन्हाळ्यात बैठक ठरवली, तेव्हा अप्पांचा कौल कुठं जाणार हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. मला तर हायसं वाटलं होतं.

बैठक रविवारी. आणि आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो सिनेमा लातुरात लागला म्हणून आम्ही सगळे मिळून गेलो. हिंदीत डब केलेला. राजा बिल्डरसारखा बोलत होता. म्हाताऱ्या कुत्र्यानं राजाला ओळखून जीव सोडला तेव्हा सत्तारभाई ढसाढसा रडले. मग दाराचा प्रसंग आला. राणीनं खूण विचारली, राजानं पलंगाचं सांगितलं, आणि ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली.

"गलत! गलत है ये!" सत्तारभाई उभे राहिले.

"मुळात तसं न्हाई!" अप्पा ओरडले. कारकूनही ओरडला. मागचे लोक खाली बसा म्हणून बोंबलायला लागले. आमचं पुस्तक कुणी तरी भर थिएटरात नासवलं होतं आणि आम्ही ते खपवून घेणार नव्हतो.

दिवे लागले. आम्ही सगळे मॅडमकडं वळलो. आम्ही त्यांच्याच बाजूनं होतो हो! त्यांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आमच्यातल्या कुणी ते पुस्तक वाचणार नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, हातात धरला.

"सिनेमा बरोबर आहे. मुळात राणी त्याला घरात घेते. दार न उघडणं माझं होतं."

मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. नोकरीत मी खोट्या नकला पुष्कळ पाहिल्या, त्या करणारी माणसंही पाहिली. पण गोऱ्या दंडाचा एक शब्द स्वतःच्या सोयीसाठी न बदलणारी ही बाई! हिनं अख्खा शेवट बदलला? आणि बदलला तर बदलला, बैठकीच्या आदल्या दिवशी तो कबूलही केला?

अप्पांचा चेहरा पडला होता. "माय, पोथी बदललीस?"

"हो."

"का गं?"

"तुम्ही पोथीचं ऐकता, अप्पा. मी दिवाळीपासून सांगत होते, मला तो घरात नको. भावानं ऐकलं नाही, तुम्ही ऐकलं नाही. राणीनं सांगितलं आणि लगेच ऐकलंत."

बाहेर पडताना मी हळूच म्हणालो, "मॅडम, आज गप्प बसला असतात तर उद्याचं सगळं सोपं होतं."

"नक्कलवाले, तुम्ही मारला असता का शिक्का?"

त्या रिक्षा करून एकट्या गेल्या. मला त्यांची भयंकर काळजी वाटली आणि तितकाच त्यांचा रागही आला.

सोमवारी गाडीत मॅडम नेहमीच्या खिडकीत बसल्या होत्या. बैठकीचं अप्पांनीच सांगितलं. "बसलाव सगळे. ह्याचा थोरला भाऊ म्हणला, अप्पा, आमीबी पिच्चर बघून आलाव, राणी घेती की घरात. मी म्हणलं, हाव, घेती. मुळातच हाय तसं. पर त्या राजाला दर्यानं आडवलं होतं. हैदराबाद आन् औशाच्या मधी कंचा दर्या हाय, तेवढा दावा."

"फिर?" सत्तारभाई पुढं झुकले.

"फिर काय, च्या आला. मग मी म्हणलं, तिला नको हाय. ती सांगूनच ऱ्हायली, आपुनच ऐकलं न्हाई." एवढं बोलताना अप्पांनी मॅडमकडं बघितलं नाही. बैठक निकालाशिवायच मोडली होती.

औसा आलं. लिंबाखाली पांढरा शर्ट होताच. आणि मॅडम उठल्या.

त्या खाली उतरल्या. सत्तारभाईंनी घंटीच्या दोरीवरचा हात काढला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाडी भरलेली, पण कुणीही उशीर होतोय असं म्हटलं नाही. आम्ही काचेतून बघत होतो. मॅडम बोलत होत्या. तो ऐकत होता. पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली. मग मॅडम वळल्या, गाडीत चढल्या आणि आपल्या जागी बसल्या.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत सत्तारभाईंनी दम धरला. "मॅडम, क्या हुआ?"

"शेवट सांगितला त्यांना."

"कंचा?" अप्पांनी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढला. "माझा. मुळातला त्यांना माहीत होता."

पुन्हा तो माणूस आम्हाला औसा स्टँडवर दिसला नाही. त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि नांदेडला मुलीच्या शेजारी घर घेऊन राहिल्या. सुरुवातीला फोन व्हायचे. कुठल्याशा नव्या सिनेमावर त्या चिडलेल्या असायच्या. आता फोनही कमी झालेत. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः शिक्का मारताना.

परवा त्यांच्या खिडकीत एक नवी मुलगी बसली होती, निलंग्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलेली. औशाला गाडी थांबली तसे सत्तारभाई तिच्याकडं आले.

"बेटा, रोज का अप-डाउन है ना? अपने पास एक राजा की कहानी है. उसके दो एंड हैं. एक किताब का, एक मॅडम का. कौनसा होना?"

मुलीनं गोंधळून आमच्याकडं पाहिलं. "मॅडम कोण?"

सत्तारभाई मशीनची बटणं बघायला लागले. मग अप्पा आपल्या जागेवरून उठले आणि तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी आपला चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"सांगतो, माय," ते म्हणाले.