काकांच्या भुताचा नाच

अँब्रोज पेटिफर सहा वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांना ठिगळं लावत होता. कुणाला प्रस्तावना, कुणाला एखादा प्रवेश. यंदा पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला जवळजवळ अर्धं नाटक आलं: पहिले तीन अंक लान्सलॉट क्विनचे, शेवटचे दोन अँब्रोजचे. बँकसाइडच्या नाटकवस्तीत नाटकं अशी वाटून घेऊनच लिहितात. एकाच लेखकाच्या नाटकाची वाट बघत बसलं तर थिएटरला कुलूप लावावं लागेल.

बायको अर्सुलाने बजावलं होतं, "कंपनीने हे नाकारलं, तर सोमवारपासून माझ्या बाबांच्या हातमोज्यांच्या दुकानात बसायचं. कातडं शिवायला यमक लागत नाही."

तीन आठवड्यांनी खानावळीत वाचन झालं. नऊ नट बिअरचे पेले घेऊन बसले. लान्सलॉटने आपल्या तिसऱ्या अंकाच्या शेवटी नाटकातल्या ड्यूकच्या म्हाताऱ्या काकांना विष पाजलं. मंडळी खूश झाली. अँब्रोजने घाईघाईने आपली पानं चाळली. ठरलेल्या आराखड्यात काका मरत नव्हते. त्याच्या पाचव्या अंकात ते लग्नात नाचत होते.

"काकांना का मारलंस?" तो कुजबुजला.

"अंक थंड पडला होता रे. वाच आता."

चौथा अंक निभावला. पाचव्यात काका प्रवेश करताच ती भूमिका करणारा जाडजूड हम्फ्री डॉब्स ओरडला, "ए, थांब! मी मेलोय ना? मी तर घरी जेवायला निघालो होतो!"

"मेलातच," अँब्रोज म्हणाला. "हे तुमचं भूत."

"भूत नाचतं होय रे?"

"जिवंतपणी गुडघे नाचू देत नव्हते. आता गुडघे आहेत कुठे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अँब्रोजने धीर करून पुढचं वाचता वाचताच बदललं: काका फक्त नवरीला दिसतात, आणि बिचारी कुणाशी नाचतेय ते वऱ्हाडाला कळत नाही. पेले टेबलावर आपटू लागले.

"ही शोकांतिका आहे!" लान्सलॉट खवळला.

"होती," कंपनीचे प्रमुख ब्रिग्ज डोळे पुसत म्हणाले. "घेतलं नाटक. भुताच्या तोंडाला फासायला पीठ जास्त आणा, डॉब्सचं तोंड मोठं आहे."

सोमवारी सासऱ्यांकडे निरोप गेला: दुकानासाठी दुसरा माणूस बघा.