तीस वर्षांपूर्वीचं नवं गाणं

छत्रीवाल्यांनी आयुष्यात एकही छत्री विकली नाही. दुरुस्तही केली नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एका छत्रीत दोघं मावत नाहीत अशा अर्थाचं एक खट्याळ गाणं केलं, पेटीवर बसून स्वतःच गायलं, आणि ते रेडिओवर असं काही गाजलं की त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला एकजण तर खरोखरच मोडकी छत्री घेऊन दारात उभा राहिला.

"काडी निसटलीय. किती दिवस लागतील?"

बायकोने आतूनच सांगितलं, "ठेवून जा. पण घाई करू नका. चाळीस वर्षं एकाच छत्रीवर काम चाललंय त्यांचं."

पोटासाठी ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्या डोळ्यांना अशी खोड लागली होती, की दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला तरी पाय पुढे पडायचा नाही. निवृत्त झाल्यावर पाट्या तेवढ्या राहिल्या आणि गाणी. गाणी होतच होती. पण कुठेही चारचौघांत पेटी उघडली की फर्माईश ठरलेली. "छत्री होऊ द्या!" छत्री व्हायची, टाळ्या व्हायच्या आणि पेटी मिटायची.

यंदा मात्र एक गाणं झालं आणि ते झाल्यावर त्यांना राहवेना. कान जरा जड झालेल्या नवऱ्याचं गाणं होतं ते.

काय म्हणालीस? पुन्हा म्हण ना, ऐकलं नाही नीट;
नीट ऐकलं तरी म्हणेन मी, ऐकलं नाही नीट.

बायको म्हणाली, "माझ्या डोक्याला ताप आणि तुमचं गाणं." पण भाजी चिरताना तीच गुणगुणत होती.

हे एकदा रेडिओवर लागावं, आणि हा माणूस अजून गाणी करतो एवढं कुणाला तरी कळावं, इतकंच त्यांना हवं होतं. नाही लागलं, तर पेटी लेकीकडे देऊन टाकायची आणि गुमान पेपर वाचत बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बोलले कुणालाच नव्हते. पण न बोललेलंच बायकोला आधी कळायचं.

झेरॉक्सच्या दुकानामागे कपाटाएवढी एक खोली होती. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते, म्हणून तिला स्टुडिओ म्हणायचं. तिथे गाणं रेकॉर्ड झालं. तिथल्या माणसाने सांगितलं, तीन मिनिटांच्या वर रेडिओवाले घेत नाहीत. म्हणून शेवटचं कडवं गाळलं. छत्रीवाल्यांना ते स्वतःचं बोट कापल्यासारखं झालं, पण गाळलं.

लेकीने गाणं दोन मोठ्या केंद्रांना पाठवून दिलं. पहिल्याचं उत्तर आलं की गाण्यांची यादी कॉम्प्युटर ठरवतो. दुसऱ्याचं आलं की आमचा श्रोता पस्तिशीच्या आतला आहे.

"म्हणजे पस्तिशीनंतर कान काढून ठेवायचे असतात?" बायको म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

तिसरं केंद्र गावातलंच, बँकेच्या वरच्या मजल्यावर. तिथे छत्रीवाले स्वतः गेले. इस्त्रीचा सदरा घालून, तास आधी. कार्यक्रम अधिकारी तिशीचा, गळ्यात हेडफोन, बोलायला फार गोड.

"काका तुम्ही! बसा ना. अहो, छत्री आम्ही आठवड्यातून दोनदा लावतो!"

"नवं आणलंय."

"अरे वा." त्या 'अरे वा'त उत्साह बेताचाच होता. "आता कसं आहे काका, नव्यात नवी मुलं असतात. आणि जुन्यात लोकांच्या ओळखीची गाणी. तुमचं म्हणजे... गाणं नवं आणि तुम्ही..."

"जुना."

"मी तसं नाही म्हटलं."

"मी म्हटलं. पुढे बोला."

अधिकाऱ्याने एक फॉर्म पुढे केला. "हा भरून ठेवा. बघतो मी काय होतं ते."

फॉर्मात गायक, गीतकार, संगीतकार असे तीन रकाने होते, तिन्हीत छत्रीवाल्यांनी एकच नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. चौथ्या रकान्यात होतं, 'गाणं कधीचं?' इथे त्यांचं पेन थांबलं. शब्द तर यंदाचे. पण चाल? चाल तीस वर्षांपूर्वी एका दुपारी छापखान्यात सुचली होती, यंत्राच्या खडखडाटावर, आणि तेव्हापासून शब्दांची वाट बघत पडून होती. त्यांच्या पिढीचे पेटीवाले गाण्याचं वय चालीवरूनच धरत. शब्द काय, कपडे असतात. माणूस जन्मतो तो चालीच्या दिवशी. त्यांनी तीस वर्षांपूर्वीचं साल लिहिलं, एकदा तपासलं आणि फॉर्म दिला.

पुढे तीन आठवडे रेडिओ होता आणि ते होते. दुसरं काही नाही. दूध आणायला जातानासुद्धा ते बायकोला रेडिओपाशी बसवून जात.

"लागलं तर काय करू? धरून ठेवू?"

"नुसतं ऐक."

चौथ्या आठवड्यात, दुपारी, 'अडगळीतली रत्नं' नावाच्या कार्यक्रमात निवेदिका म्हणाली, "आणि आता तीस वर्षांपूर्वीचं, काळाच्या ओघात हरवलेलं एक गोड गाणं..." आणि पेटी वाजली. त्यांचीच पेटी!

छत्रीवाले खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. बायकोने गॅस बंद केला. तीन मिनिटांनी गाणं संपलं. मग श्रोत्यांचे फोन सुरू झाले.

एक बाई म्हणाल्या, "अंगावर काटा आला हो. माझी आई हे म्हणायची, मला झोपवताना."

एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हे मी गायलो होतो. दुसरं बक्षीस."

तिसरे जरा जाणकार निघाले. "गाणं छानच. पण मूळ रेकॉर्डिंग याहून सरस होतं. यात गायकाचा आवाज थकलेला वाटतो."

बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. डोळ्यांना पाणी आलं तरी थांबेना. "अहो... दुसरं बक्षीस! पहिलं कुणाला मिळालं ते विचारा ना!"

छत्रीवाले मात्र हसले नाहीत. आधी आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तो पायरी चुकल्यासारखा मध्येच कुठेतरी पडला. पुढच्या आठवड्यात 'लोकाग्रहास्तव' गाणं पुन्हा लागलं. आणखी दोघांचं बालपण त्यात निघालं.

लेकीचा फोन आला. "बाबा, आता कुठे काही बोलू नका हं. लागतंय ना? लागू दे."

"अगं, पण जुनं म्हणून लागतंय."

"मग काय झालं?"

"म्हणजे मी तीस वर्षांपूर्वीच संपलो, असं झालं."

लेक म्हणाली, "आणि नवं आहे म्हणून सांगितलंत, की बंद होईल."

तेही खरंच होतं. छत्रीवाल्यांनी दोन दिवस जेवताना शब्द काढला नाही. बायकोनेही विचारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी आमटी वाढताना म्हणाली, "छापून गेलेली चूक दिसली, की तुम्ही काय करायचात?"

"शुद्धिपत्र काढायचो."

"मग?"

तिसऱ्या दुपारी गाणं पुन्हा लागलं आणि त्यांनी केंद्राला फोन लावला. आकडे बायकोने दाबले. निवेदिकेने थेट कार्यक्रमातच घेतलं.

"बोला काका, तुमची काय आठवण आहे या गाण्याची?"

"आठवण नाही. दुरुस्ती आहे," छत्रीवाले म्हणाले. "ते गाणं यंदाचं आहे. मीच केलंय. साल मी चुकीचं... म्हणजे चालीचं साल लिहिलं मी. चूक माझी आहे, तुमची नाही."

निवेदिका हसली. "काका, गंमत करताय का?"

"गंमत गाण्यात केली. इथे नाही."

तेवढ्यात निवेदिकेने दुसरी लाइनही जोडली होती. तिच्यावर त्या आईच्या अंगाईवाल्या बाई. त्या चांगल्याच भडकल्या. "असं कसं? माझी आई म्हणायची म्हणजे म्हणायची! वयाप्रमाणे विसरायला होतं, काका, मनाला लावून घेऊ नका."

"तुमच्या आईंना शेवटचं कडवं येत होतं का?" छत्रीवाल्यांनी विचारलं.

"शेवटचं? दोनच तर कडवी आहेत."

"तीन आहेत. तिसरं रेकॉर्डमध्ये नाही."

निवेदिकेचा आवाज एकदम बदलला. "काका, गाण्यांची यादी मला वरून येते. फोन मात्र माझे असतात. म्हणा तिसरं."

छत्रीवाल्यांनी घसा साफ केला. पेटी नाही, ठेका नाही, समोर फक्त भिंतीवरचं कॅलेंडर. तरी सूर लागला.

बेल वाजते, दूध उतू जातं, मला न कळे काही...

आणि पुढची ओळ गेली. साफ गेली. दोन महिने रोज घोळवलेली ओळ, आणि डोक्यात कोरा कागद. गावभर रेडिओतून त्यांचा श्वास ऐकू जात होता.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको हळूच म्हणाली, "अहो..."

तेही गावभर गेलं. छत्रीवाल्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. त्या हसण्यातच ओळ आली.

तुझं हळूच 'अहो' तेवढं कधी चुकत नाही!

लाइनवर त्या बाई अजून होत्या. त्या म्हणाल्या, "हे नव्हती म्हणत माझी आई." आवाज जरा भिजला होता. "एकदा पुन्हा म्हणाल का?"

छत्रीवाले पुन्हा म्हणाले. या वेळी न अडखळता, पण पहिल्यांदाइतकं चांगलं नाही.

"काका," निवेदिका म्हणाली, "जाहिराती वाजवायला हव्यात, मला खाणाखुणा करतायत इकडे. पटकन सांगा. अजून काही नवं केलंय का?"

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. छत्रीवाले नुसते "म्हणजे... तसं... आता बघा..." करत राहिले. शेवटी बायकोने ओले हात पुसले, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "बाई, जाहिराती होऊ द्या तुमच्या. आम्ही थांबतो. यांना एक सुरू करायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झाले की तुम्हालाच म्हणावं लागेल, पुरे."